मॅडम, तिकडं ती डॉक्टरला सांगणार कसं?

मी सोलापुरात समुपदेशक आहे. मुलं परदेशी शिकायला निघाली की त्यांचे आईवडील माझ्याकडे येतात. फी, खोली, जेवण हे सगळं बोलून झालं की उठता उठता एक प्रश्न हमखास निघतो. आजारी पडली तर? तिथली भाषा येत नाही, डॉक्टरला सांगणार कसं? अशा पालकांना मी एका मुलीचा अनुभव सांगते. त्या मुलीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गड्ड्याचे, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेचे दिवस होते. जुळे सोलापुरातलं एक जोडपं शनिवारी सकाळी आलं. मुलगी पूर्व जर्मनीत इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला. "नुसती रडायलीय वो मॅडम," आई सांगत होत्या. "सेमिस्टर सोडून परत येते म्हणायलीय. डिप्रेशन आलंय का बघा." वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. अभ्यास झेपत नाही म्हणून बहाणे चाललेत.

दुपारी साडेबाराला, म्हणजे तिथल्या सकाळी आठला, व्हिडिओ कॉल लावला. पोरगी सोलापुरी चादर अंगाभोवती लपेटून बसलेली, ओठ कोरडे, आणि दात वाजत होते. खोलीत हीटर चालू होता तरी. तिनं पहिला प्रश्न मलाच केला, "बाबा आहेत का तिथं?" मी दोघांनाही बाहेर बसवलं होतं. ते कळल्यावर ती बोलली. दहा-बारा दिवसांपासून लघवीला जळजळ. घरून दिलेल्या औषधांच्या पिशवीतल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं, सोडून दिल्या. आता कालपासून ताप आणि उजवीकडे कमरेच्या वर ठणका.

समुपदेशक डॉक्टर नसतो. पण लघवीच्या जळजळीनंतर ताप, थंडी आणि एका बाजूला पाठीत दुखणं आलं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो आणि तो त्याच दिवशी दाखवायचा असतो, एवढं मला ठाऊक आहे. रडण्याचं नंतर बघू, आधी डॉक्टर, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

डॉक्टरकडे का गेली नाहीस, या प्रश्नाला तिच्याकडे तीन उत्तरं होती. जर्मन येत नाही. शेकडो युरो बिल होईल. आणि तिसरं हळूच सांगितलं: जर्मन चांगलं येणारा एकच मित्र आहे, तो बार्शीचा आहे, त्याच्यासमोर लघवीचं कसं बोलू?

पैशाची भीती लगेच निघाली. जर्मनीत आरोग्यविमा असल्याशिवाय विद्यापीठात नावनोंदणीच होत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी व्यवस्थेतला विमा सवलतीच्या हप्त्यात मिळतो, आणि हिचा तोच होता. त्यात डॉक्टरकडे फक्त कार्ड दाखवायचं. चिठ्ठीवरच्या औषधाला साधारण पाच ते दहा युरो आणि दवाखान्यात राहावं लागलं तर दिवसाला दहा युरो, एवढाच भार आपल्यावर. (खासगी विमा असेल तर बहुधा आधी स्वतः पैसे भरून मग परत मागावे लागतात, पॉलिसी विमानात बसण्याआधी वाचा.) दर महिन्याला हप्ता भरत होती, पण कार्ड पाकिटातून एकदाही बाहेर काढलं नव्हतं.

शनिवार असल्यानं नेहमीचे दवाखाने बंद. तिथे अशा वेळेसाठी ११६११७ हा नंबर आहे. जिवावरचं नाही पण सोमवारपर्यंत थांबता येत नाही, अशा दुखण्याला तो लावायचा. सुट्टीत उघडा असलेला दवाखाना ते सांगतात. श्वास लागला, बेशुद्धी आली, छातीत कळ आली तर मात्र थेट ११२. तो नंबर अख्ख्या युरोपीय संघात एकच आहे.

राहिली भाषा. माझं मत इथे पालकांपेक्षा वेगळं आहे. मी म्हटलं, "समज मी डॉक्टर आहे. मराठीतच सांग, काय होतंय?" ती म्हणाली, "मम्मी म्हणते पाणी कमी पिल्यामुळं..." मी विचारलं, ताप किती? "मोजला नाही." कुठल्या औषधाची ॲलर्जी? "मम्मीला माहितीये." बावीस वर्षांची मुलगी, इंजिनिअरिंगच्या गेट परीक्षेत चांगला स्कोअर, आणि स्वतःच्या दुखण्याबद्दल सलग चार वाक्यं मातृभाषेतसुद्धा येत नव्हती. येणार तरी कशी? आपल्याकडे पेशंट स्टुलावर बसतो आणि आई बोलते. डॉक्टरही आईकडेच बघून विचारतात, जेवती का, शी झाली का. कॉलेजात गेलेल्या पोरांचंही हेच चालतं.

मग एक कागद घेतला. कधीपासून, कुठे, किती दुखतं. ताप किती, शेजारच्या खोलीतल्या मुलीकडून थर्मामीटर मागवला, १०२ च्या वर निघाला. तिथल्या डॉक्टरला सेल्सिअस लागतं म्हणून ३९ लिहिलं. कुठल्या गोळ्या खाल्ल्या, किती, कधी सोडल्या. इथे ब्रँडचं नाव चालत नाही. आपल्या कंपनीचं नाव तिथे कुणाला ठाऊक नसतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेला असतो तो लिहायचा. मग आधीचे आजार आणि ॲलर्जी.

ॲलर्जीपाशी अडलं, तेव्हा तिला विचारून आईंना आत बोलावलं. फक्त औषधाचं विचारायचं, बाकी काही नाही, असं दोघींचं ठरलं. आईंनी घरी धाकट्याला फोन लावून गोदरेजच्या कपाटातली फाईल काढायला लावली. सहावीत असताना एका गोळीनं अंगभर पुरळ उठलं होतं, त्याची चिठ्ठी पिवळी पडली होती पण होती. धाकट्यानं फोटो पाठवला. सल्फा. लघवीच्या संसर्गावर सल्फा गटातलं औषध वापरलं जातं, त्यामुळे ही ओळ कागदावर नसती तर काय झालं असतं हे आईंना लगेच कळलं. मगाचपासून पदराशी चाळा करणाऱ्या बाई एकदम सावध बसल्या.

कागद साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहिला, ॲपनं जर्मन केला आणि तेच जर्मन पुन्हा इंग्रजीत उलटवून पाहिलं. दोन वाक्यं बिघडली होती, ती मोडून सोपी केली. शेजारची मुलगी व्हिएतनामची, तिचं जर्मन जेमतेम. पण सोबत यायला तयार झाली. बार्शीच्या मुलाला फक्त फोन लावायचं आणि पत्ता विचारायचं काम दिलं. दुभाषा सगळ्याला एकच हवा असं थोडंच आहे?

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, सल्फाखाली रेघ ओढली, लघवी तपासली आणि उरलेले प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले. अँटिबायोटिक दिलं, तीन दिवसांनी पुन्हा बोलावलं, ताप उतरला नाही तर थेट हॉस्पिटल गाठायला सांगितलं. सलाईन नाही, सुई नाही. "सुईसुद्धा मारली नाही, कसला डॉक्टर," असं वडील म्हणालेच. साध्या सर्दीला तिथे आराम करा आणि गरम चहा प्या म्हणून परत पाठवतात, तेव्हा तर आपली मंडळी डॉक्टरला काही येत नाही असंच धरून चालतात.

वडिलांना त्या डॉक्टरशी स्वतः बोलायचं होतं. ते शक्य नव्हतं. मुलगी सज्ञान आहे, तिच्या परवानगीशिवाय डॉक्टर आईबापालाही काही सांगत नाहीत. तिथे तो कायदा आहे. ते चिडले. भैय्या चौकातल्या स्मारकाचा दाखला देऊन म्हणाले, "आपल्या कोटणीसांनी चीनमध्ये जाऊन चिनी शिकली, हिला एवढं जर्मन येऊ नये?" डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि तिथली भाषा शिकले हे खरंच. पण ते उपचार करायला गेले होते. तापानं फणफणलेल्या पोरीकडून व्याकरणाची अपेक्षा करणं मला पटत नाही. भाषा बरं असताना शिकायची.

रडण्यामागचं उरलेलं कारण पुढच्या कॉलमध्ये निघालं. मंगळवारी परीक्षा होती आणि चुकली तर नापास, अशी तिची समजूत होती. डॉक्टरचं प्रमाणपत्र परीक्षा विभागाला वेळेत दिलं तर बहुतेक ठिकाणी तो प्रयत्न धरत नाहीत. नियम प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा, म्हणून त्याच दिवशी ईमेल करायला लावला. एकटेपणाबद्दल बोलायला तिथल्या विद्यार्थी सेवा संस्थेचे समुपदेशक असतात, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतून आणि मोफत. तिला तो पत्ता दिला, कारण आठवड्याला भेटायला माणूस तिथलाच हवा. परत यायचा विषय पुन्हा निघाला नाही. जर्मन अजून बेताचंच आहे. नेमकं काय झालं होतं हे वडिलांना अजूनही "पोटाचं इन्फेक्शन" एवढंच ठाऊक आहे, आणि ते तसंच राहावं ही तिची इच्छा आहे.

हल्ली जाणाऱ्या मुलांना मी एक काम लावते. निघण्याआधी सोलापुरातल्याच डॉक्टरकडे एकट्यानं जायचं, कागद स्वतः लिहून न्यायचा, दाताचं असो की जुन्या खोकल्याचं. परवा विजापूर रोडचा एक मुलगा असाच गेला. आई दवाखान्याबाहेर स्कूटीवर बसून राहिल्या, आत जायचं नाही असं मी बजावलं होतं. तो कागद हातात धरून स्टुलावर बसला, तर डॉक्टरांनी दाराकडे बघत विचारलं, "मम्मी नाही आल्या?"