जामीन कोण, आणि मुचलका कोणाचा?

पारोळ्याच्या एका वाचकाने विचारले आहे : एकाच दिवसाच्या वर्तमानपत्रात एका आरोपीची ‘पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर’ सुटका झाल्याची बातमी होती आणि दुसऱ्याला ‘पंधरा हजारांचा जामीन’ मिळाल्याची. या दोहोंत फरक काय, आणि जातमुचलक्यात ‘जात’ कशासाठी? न्यायालयाला आरोपीची जात लिहून द्यावी लागते का?

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. ‘जातमुचलका’मधील जात ही संस्कृत ‘जाति’पासून आलेली जात नव्हे. ती अरबी ‘जात’ आहे आणि तिचा अर्थ स्वतः, व्यक्ती, असा आहे. कलेक्टरसाहेब जातीने हजर होते किंवा तिने लग्नघरात जातीने लक्ष घातले असे आपण म्हणतो, तेव्हा हाच शब्द वापरत असतो. ‘मुचलका’ हा तुर्की-मंगोल कुळातला शब्द फारसीमार्फत आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ लेखी कबुली, लेखी बंधन असा आहे. तेव्हा जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतःच स्वतःबद्दल लिहून दिलेले बंधपत्र : ठरलेल्या तारखेला मी हजर राहीन, न राहिल्यास अमुक रक्कम सरकारजमा करीन. यात दुसरा माणूस नसतो.

दुसरा माणूस येतो तो ‘जामीन’ या शब्दातून, आणि मला या शब्दावर जरा थांबायचे आहे, कारण त्याचा मूळ अर्थ आपल्या लिहिण्यातून झपाट्याने नाहीसा होत आहे. अरबीत ‘जामिन’ हे कर्तृवाचक रूप आहे आणि त्याचा अर्थ हमी घेणारा माणूस असा होतो. हमी या क्रियेला किंवा वस्तूला तिकडे वेगळा शब्द आहे, तो म्हणजे ‘जमानत’. हिंदीने जमानत उचलली, मराठीने आणि गुजरातीने जामीन उचलला. म्हणूनच रावेर-शिरपूरकडे, जिथे मध्य प्रदेशाशी रोजचे येणे-जाणे आहे, तिथे ‘जमानत झाली’ असे सर्रास ऐकू येते, तर नवापूरकडे गुजराती माणूसही ‘जामीन’च म्हणतो. आपल्या ‘जामीन राहणे’ या प्रयोगात मूळ अर्थ अजून शाबूत आहे. ‘मी त्याले जामीन ऱ्हासू’ असे अहिराणीत कोणी म्हणाले, तर जामीन म्हणजे तो बोलणारा माणूस स्वतः, त्याने भरलेली रक्कम नव्हे. पुढे ‘जामीन’ म्हणजे सुटकेची सवलत असा अर्थ रूढ झाला, माणसासाठी शब्द उरला नाही, आणि मग आपण त्याला ‘दार’ हा फारसी प्रत्यय जोडून ‘जामीनदार’ घडवला. शब्दाची झीज अशी भरून काढण्यात गैर काही नाही. पण आधीच्या मराठीत या जामिनांचे किती नेमके प्रकार होते ते पाहिले की हळहळ वाटते : माणसाला हजर करण्याची जबाबदारी घेणारा तो हाजिरजामीन, पैशाच्या फेडीची जबाबदारी घेणारा तो मालजामीन, आणि कोणाच्या वर्तणुकीची हमी घेणारा तो फैलजामीन. विकास सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाला सही करणारा आपला शेजारी हा मालजामीन आणि कोर्टात उभा राहणारा हाजिरजामीन. आज दोघांनाही आपण जामीनदार म्हणतो आणि त्यामुळे दोघांच्या जबाबदाऱ्यांची गल्लत होते.

ही गल्लत केवळ शाब्दिक नाही. ‘पंधरा हजारांचा जामीन भरून सुटला’ हे वाक्य वाचणाऱ्याला वाटते की तेवढे पैसे मोजून सुटका विकत घेतली. प्रत्यक्षात जामीनदार त्या दिवशी रक्कम भरत नाही. तो सातबारा, घरपट्टीची पावती किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला दाखवून आपली ऐपत सिद्ध करतो आणि बंधपत्र लिहून देतो. आरोपी तारखेला आला नाही तर बंधपत्र जप्त होते, जामीनदाराला नोटीस निघते आणि रक्कम दंडासारखी वसूल केली जाते. ती वसूल झालीच नाही तर त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात राहावे लागू शकते. (आपला माणूस पळेल अशी भीती वाटली तर जामीनदार आपली मुक्तता मागू शकतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.) ‘भरला’ हे क्रियापद शोभते ते फक्त रोख जामिनाला, कारण तिथे बंधपत्राऐवजी रक्कम खरोखरच न्यायालयात जमा होते. अमेरिकेत फी घेऊन जामीन राहणाऱ्या खाजगी पेढ्या असतात आणि ती फी, सहसा रकमेच्या दहा टक्के, परत मिळत नाही. आपल्या कायद्यात तसा व्यवसाय नाही, म्हणून परदेशी मालिकांतले वाक्प्रचार आपल्या बातम्यांत आणू नयेत.

आता मूळ प्रश्न. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हा फरक व्याख्येतच दिला आहे : जामीनदारासह दिलेली हमी ते जामीनपत्र, आणि जामीनदाराविना दिलेली वैयक्तिक हमी ते बंधपत्र, म्हणजेच आपला जातमुचलका. वकिलांच्या तोंडी तो ‘पी. आर. बाँड’ असतो. मात्र बातम्यांवरून निष्कर्ष काढताना सावध राहावे. आदेश पुष्कळदा ‘पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ असा जोडीचा असतो आणि बातमीदार जागेअभावी एक अर्धा गाळतो. तेव्हा वाचकाने पाहिलेल्या दोन बातम्यांमागे दोन वेगळे आदेश असतील, किंवा एकाच धाटणीच्या आदेशाचे दोन अर्धे असतील.

ज्याच्यामागे उभे राहायला ऐपतदार माणूस नाही, त्याच्यासाठी जातमुचलक्याचे मोल फार आहे. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता आणि जामीनदार म्हणून पुढे आलेल्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्या भावाला नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते अमान्य करून एक हजाराच्या जातमुचलक्यावर सुटका केली. ज्यांचे अर्धे गणगोत बऱ्हाणपूरला आणि अर्धे रावेरला आहे, किंवा जे नंदुरबारहून सुरतेला मजुरीला जातात, त्यांना या निकालाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात तर अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी निर्धन आहे असे मानून त्याला जामीनदाराविना बंधपत्रावर सोडावे, असे कायदाच सांगतो.

लेखनाबद्दल एवढेच : सामान्यरूपात ‘मि’ ऱ्हस्व होतो, म्हणून ‘जामिनावर’, ‘जामिनासाठी’ असे लिहावे. पण ‘जामीनदार’, ‘जामीनपात्र’ यांत ‘मी’ दीर्घच राहतो.