फॉर्मवरचा चौकोन

"ताई, गर्भतपासणीच्या फॉर्मवर वंश कशाला विचारतात? आपल्या लोकांत डाऊन सिंड्रोम जास्त असतो का?" न्यू जर्सीत जनुकीय समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की फाइल उघडण्याआधीच उत्तर ओठांवर असतं.

मृणाल (नाव बदललंय) आली तेव्हा तेरावा आठवडा होता. वय २९. रक्त आणि सोनोग्राफी मिळून बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याच्या शक्यतेचा आलेला आकडा: १८० मध्ये १. सासूबाई फोनवरून बजावत होत्या, "आपल्यात असलं काही नसतं." तिच्या मनात भलतंच, 'एशियन'वर टिक केली म्हणून आकडा वाढला.

डाऊन सिंड्रोम होतो एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे. ती वंश बघून येत नाही, तिचा मुख्य संबंध आईच्या वयाशी. वंशाचा चौकोन असतो रक्तातल्या द्रव्यांसाठी. पॅप-ए, एचसीजी यांची सरासरी पातळी वजनानुसार बदलते, तशी वंशगटानुसारही थोडी बदलते. तुझं माप कुणाच्या मापाशी लावायचं, एवढंच त्यातून ठरतं. (एकाच 'एशियन'मध्ये कोल्हापूर आणि कोरिया कोंबणं मला कधीच पटलेलं नाही.)

मग मी माझी बरणी पुढे केली. १७९ चवळ्या, एक राजमा. तिने बरणी हलवून राजमा शोधला. नवरा हसला, मोकळा झाला. ती नाही.

मी त्याच्याकडे वळून पुढचं सांगू लागले. आईच्या रक्तातल्या डीएनएची तपासणी डाऊन सिंड्रोम सुमारे ९९ टक्के वेळा पकडते, पण तीही चाळणीच, शक्यता सांगणारी. खात्री हवी तर पंधराव्या आठवड्यापासून सुईने गर्भजल तपासणी.

"ताई, दवाखान्यातही असंच झालं," ती मध्येच म्हणाली. "नर्स म्हणाली, तुमच्याकडच्यांना सुई नको असते. आणि पान उलटलं. मला कुणी विचारलंच नाही."

मी गप्प झाले. मराठी घर, म्हणजे निर्णय नवरा घेणार, असं धरून मीही त्याच्याशीच बोलत होते. अमेरिकेत गोऱ्या, कृष्णवर्णीय, लॅटिना स्त्रियांत या तपासण्यांचं प्रमाण वेगवेगळं दिसतं, आणि खापर फुटतं 'त्यांच्या समजुतीं'वर. पर्याय कुणाला किती सांगितले, हे कोण बघतो? इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये पुन्हा बजावलं: वय काहीही असो, पर्याय प्रत्येकीपुढे ठेवा. नाही म्हणायचा हक्क तिचाच. तुमच्यापुढे ठेवले नाहीत, तर मागून घ्या.

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. "तुला काय हवंय?"

बराच वेळ ती राजमा बोटांत फिरवत राहिली. "खात्री हवीय. बाळ मी ठेवणारच आहे. पण तसं असेल तर तयारीला वेळ हवा."

जाणून घेणं म्हणजे गर्भ पाडणं, असं नर्सने धरलं होतं, सासूबाईंनीही. तेव्हापासून माझ्याकडे बरणीच्या आधी 'तुला काय हवंय?' हा प्रश्न येतो.

नवऱ्याने मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. "आईंना काय सांगायचं?"

"ते मी बघते," मृणाल म्हणाली, आणि राजमा बरणीत टाकला.