चोवीस ग्रॅमचं भांडण

प्रश्न : आम्ही मॉडेल रॉकेट उडवणारे तीसेक जण आहोत. मोटरींची माहिती, आराखडे, उड्डाणांच्या नोंदी एकत्र राहाव्यात म्हणून आम्ही एक विकी सुरू केला. दोनशेच्या वर पानं झाली, पण नव्या माणसाला काही सापडत नाही आणि जुनी मंडळी अजून फोन करूनच विचारतात. सगळी वर्गवारी मोडून नव्याने करावी का?

उत्तर : इतक्यात मोडू नका. आधी महिनाभर ते फोनवरचे प्रश्न जसेच्या तसे, विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहून काढा. ‘पुनर्प्राप्ती प्रणाली’बद्दल कुणी विचारत नाही. ‘पॅराशूट वितळून गोळा झालं, काय चुकलं?’ असं विचारतात. वॉडिंग, म्हणजे मोटर आणि पॅराशूट यांच्यामध्ये भरायचा न जळणारा कागद, कमी पडलं, हे उत्तर तुमच्या विकीवर असणारच, पण ते कुठल्यातरी ‘साहित्य’ नावाच्या पानाच्या तळाशी पडलेलं असेल. त्या प्रश्नाच्याच नावाचं पान करा आणि जुन्या नावावरून तिकडे वाट काढून द्या. असे वीस-पंचवीस प्रश्न मुखपृष्ठावर आले की निम्मे फोन थांबतील. वर्गवारी ज्यांना आधीच सगळं माहीत असतं त्यांच्या सोयीची असते. मीही वर्षभर तीच सजवत बसलो होतो.

माझ्या मते तुमची खरी दुखणी आकड्यांत निघतील. आमच्याकडे प्रत्येक रॉकेटच्या पानावर ‘वजन’ असा एक रकाना होता. एका पानाचा इतिहास उघडला तर ४२ चे ६६, ६६ चे ४२, पुन्हा ६६, असा दहा दिवस खेळ चालू! दोघेही जुने, दोघेही हट्टी, दोघांकडेही चांगले काटे. मी समजुतीचं पत्र लिहायला बसलो आणि सहज वजाबाकी केली. चोवीस. सी६-५ मोटर जवळपास तेवढीच भरते. एकाने रिकामं रॉकेट तोललं होतं, दुसऱ्याने मोटर घालून. चूक माझ्या रकान्याची होती.

चोवीस ग्रॅमसाठी एवढं काय, असं वाटेल. पण मोटर शेपटीत बसते, त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो. दाबकेंद्र, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटल्यासारखा लागतो तो बिंदू, रॉकेटच्या आकारावर ठरतं, ते काही हलत नाही. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे निदान एका नळीव्यासाएवढा असावा, हा आपला नेहमीचा ठोकताळा. रिकाम्या रॉकेटचा गुरुत्वमध्य पाहून कुणी पंख कापले तर कागदावर सगळं ठीक दिसतं आणि उड्डाणाचा रॉड, म्हणजे रॉकेटला सरळ धरणारी कांब, सोडताच रॉकेट कोलांट्या खातं. म्हणून रकाने फोडा : रिकामं वजन, मोटरसह वजन आणि मोटर कोणती, गुरुत्वमध्य नाकाच्या टोकापासून किती मिलिमीटर, मोटरसह. दाबकेंद्र बॅरोमन यांच्या १९६६ च्या समीकरणांनी हाताने काढलं की ओपनरॉकेट या रॉकेट-आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधून घेतलं, तेही लिहा आणि ओपनरॉकेटची फाइल पानाला जोडा. प्रत्येक आकड्याशेजारी मोजणाऱ्याचं नाव आणि तारीख हवीच.

मोटरींच्या नावांचा असाच घोळ होतो. सी६-५ मधला ‘सी’ एकूण आवेग, म्हणजे जोर गुणिले तो टिकतो तो वेळ, सांगतो, ५ न्यूटन-सेकंदांच्या वर ते १० पर्यंत. ६ हा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. शेवटचा ५ म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकणारा स्फोट होईपर्यंतचे सेकंद. कुणी मधली रेघ देतं, कुणी देत नाही, आणि शोध रिकाम्या हाताने परततो. एक पद्धत ठरवा, बाकीच्या तिकडे वळवा. उड्डाणाच्या नोंदीत नुसतं ‘सी६’ आलं तर ती नोंद परत पाठवा. सी६-० ला विलंबच नसतो, ती एकावर एक मोटरी असलेल्या रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते.

फसलेली उड्डाणं कुणी आपणहून लिहीत नाही. सुरुवात तुम्हीच करा. मी जड रॉकेटात ५ ऐवजी ७ सेकंद विलंबाची मोटर घातली होती. ते वर गेलं, वळलं, नाक खाली करून आलं आणि पॅराशूट जमिनीपासून दोन हातांवर असताना निघालं. तीनपैकी दोन पंख गेले. फोटोसकट पान टाकलं आणि आठवड्याभरात तशीच चार पानं आली. ‘मस्त उडालं’ या शब्दांच्या शंभर नोंदींपेक्षा ती चार पानं जास्त वाचली जातात.

प्रश्न : बदल करण्याची मुभा सगळ्यांना द्यावी का?

उत्तर : द्या, फक्त सुरक्षेचं पान सोडून. ते दोघांच्याच हाती ठेवा. उडवताना डी (सी नंतरचा वर्ग) किंवा त्याहून लहान मोटरीपासून निदान १५ फूट, मोठीपासून ३० फूट अंतर. मोटर पेटली नाही तर सुरक्षा-किल्ली काढून ६० सेकंद कुणीही जवळ जायचं नाही. हे आकडे अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या संहितेतले आहेत, ते कुणाच्या अनुभवाने ‘सुधारले’ जाऊ नयेत. घरी इंधन मिसळण्याच्या कृतीचं पान दिसलं तर चर्चेला न बसता काढून टाका. १९५७ मध्ये ऑर्व्हिल कार्लाइल यांनी आपली रॉकेटं आणि मोटरी रॉकेट-अभियंते आणि लेखक हॅरी स्टाइन यांना पाठवल्या आणि हा छंद उभा राहिला, तो पोरांनी घरी स्फोटक दारू कुटू नये याच काळजीतून.

प्रश्न : सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

उत्तर : पानाचा इतिहास दाखवणारं आणि सगळं एका फाइलमध्ये बाहेर काढू देणारं कोणतंही. ती फाइल एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. आमची पहिली उघडली तेव्हा मजकूर होता, चित्रं एकही नव्हती.