नाशिकची लोकसंख्या आज किती धरावी आणि शहर कशावर चालतं?

बँकेच्या प्रकल्प अहवालासाठी तुम्हाला नाशिक शहराची आजची लोकसंख्या आणि अर्थव्यवस्थेचं चित्र हवंय, पण नेटवर जिथे पाहाल तिथे वेगळा आकडा दिसतो, असं तुम्ही म्हणता. त्यातले बरेच आकडे चुकीचे नसतात, वेगवेगळ्या हद्दींचे असतात. म्हणून आधी हद्द पक्की करा.

२०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत १४,८६,०५३ लोक होते. देवळाली कॅन्टोन्मेंटसारखा लगतचा भाग धरला की सुमारे १५.६ लाख. जिल्हा मात्र ६१ लाखांचा, आणि त्यात मालेगावसारखं मोठं शहरही आलं. अहवालात एका ओळीत शहर आणि पुढच्या ओळीत जिल्हा असं झालं, की दरडोई काढलेला प्रत्येक आकडा फसतो.

२०२१ ची जनगणना झालीच नाही आणि आताची लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तोवर अंदाजच करावा लागतो. १९९१ मध्ये शहरात ६,५६,९२५ लोक होते, २००१ मध्ये १०,७७,२३६. म्हणजे पहिल्या दशकात वाढ ६४ टक्के, दुसऱ्यात ३८ टक्के. टक्केवारी पाहून वाढ मंदावली असं वाटतं, पण माणसं मोजा: पहिल्या दशकात ४.२० लाख वाढले, दुसऱ्यात ४.०९ लाख. जवळपास तेवढेच! म्हणून मी दोन्ही पद्धतींनी हिशोब करतो. दर दशकाला ४.०९ लाख धरले तर २०२६ साठी २१ लाख येतात, ३८ टक्क्यांचा दर तसाच लावला तर २४ लाख. अहवालात '२१ ते २४ लाख (अंदाज)' असं लिहा आणि धंद्याचं गणित २१ वर बसवा. १९८२ च्या आधीचे आकडे या हिशोबात घेऊ नका. त्या वर्षी आसपासच्या नगरपालिका आणि गावं मिळून महापालिका झाली, त्यामुळे जुनी हद्दच वेगळी आहे.

पडताळणीसाठी काही जण घरपट्टीच्या मिळकती गुणिले कुटुंबातली सरासरी माणसं असं करतात. बंद फ्लॅट आणि दुकानांचे गाळे वगळले नाहीत तर हा आकडा फुगतो. मतदार यादीत दुबार नावं असतात, शिवाय मुलं नसतात. कुंभमेळ्याची गर्दी तर कुठल्याच हिशोबात धरू नका.

आता अर्थव्यवस्था. इथे सर्वात मोठी अडचण अशी, की शहराचं स्वतंत्र उत्पन्न सरकार काढतच नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचं उत्पन्न देतं. त्यात लासलगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षं सगळं मिसळलेलं असतं. तो आकडा 'नाशिक शहराचं दरडोई उत्पन्न' म्हणून छापणं सरळ चूक आहे. अर्थात शेतीचा पैसा शहरात येतोच: दवाखाने, कॉलेजं, फ्लॅट, ट्रॅक्टरची शोरूम. पिकाचे भाव पडले की शहरातल्या दुकानांनाही झळ लागते, एवढं अहवालात जरूर मांडा.

कारखानदारीचा कणा सातपूर आणि अंबड या दोन एमआयडीसी. महिंद्राची गाड्यांची असेंब्ली आणि बॉशचे डिझेल इंजेक्शनचे भाग इथे बनतात, आणि त्यांच्या जोरावर जॉबवर्क करणारे शेकडो लघुउद्योग उभे आहेत. वाहन क्षेत्र थंडावलं की पहिला फटका मोठ्या कंपनीच्या आधी या छोट्या वर्कशॉपना बसतो, कारण ऑर्डर थांबली तरी मशीनचा हप्ता थांबत नाही. तुमचं गिऱ्हाईक अंबडलगतच्या सिडको वसाहतीचं किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूचं असेल, तर ही जोखीम वेगळी लिहा. त्या मानाने नाशिक रोडचा भाग स्थिर: इंडिया सिक्युरिटी प्रेस (१९२५) आणि करन्सी नोट प्रेस (१९२८) तिथे आहेत, पगार बाजाराच्या चढउतारावर अवलंबून नाहीत.

ओझरचा एचएएलचा विमान कारखाना महापालिकेच्या हद्दीबाहेर निफाड तालुक्यात आहे, पण तिथल्या कामगारांची खरेदी बऱ्याच अंशी शहरात होते. सातपूर-अंबडमध्ये मोकळे भूखंड फारसे न उरल्याने नवे उद्योग दिंडोरी आणि सिन्नरकडे सरकताहेत. सिन्नरची माळेगाव एमआयडीसी आणि मालेगाव शहर एकच समजू नका. अहवालांत ही गल्लत होते.

जनगणनेतले स्थलांतराचे तक्ते घेतलेत तर स्त्री-पुरुष वेगवेगळे वाचा. बायकांच्या स्थलांतराचं मुख्य कारण लग्न हे नोंदलेलं असतं, त्यामुळे एकूण आकडा 'नोकरीसाठी आलेले' म्हणून वापरता येत नाही. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' मिळवा, आणि घेतलेल्या प्रत्येक आकड्यापुढे वर्ष आणि हद्द लिहा. बँकेचा अधिकारी नेमकं तेच विचारतो.