खड्डा भरण्याआधी पाणी कुठनं येतंय ते बघा

पाऊस ओसरला, नवरात्र तोंडावर आलं की या सदराकडं रस्त्यांची पत्रं सुरू होतात. माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत रस्त्यांवरच. म्हणून संपादकांनी या वेळचा गठ्ठा माझ्या दारात आणून टाकला. एकाच विषयाची पत्रं एकत्र केलीत. भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

प्रश्न : काका, आमच्या तालमीची वीस-पंचवीस पोरं आहेत. गणपतीची वर्गणी थोडी उरलीय. त्यातनं पेठेतले खड्डे भरायचं ठरलं आणि एका रविवारी आम्ही दोन ट्रॉल्या मुरूम टाकला. दोन पावसांत सगळा वाहून गेला. वर लोक आम्हालाच शिव्या घालाय लागलेत, चिखल केलासा म्हणून. आता काय टाकावं?
– तालमीचा एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : मुरूम डांबराच्या खालच्या थरात आणि साईडपट्टीला वापरतात. वर उघडा टाकला तर उन्हात धूळ, पावसात चिखल, आणि त्यातले गोटे चाकाखालनं उडून मागच्याच्या नडगीवर. घर पाडल्यावरचा राडारोडाही नको, विटेचं चार दिवसांत पीठ होतं. पेव्हर ब्लॉकला चारी बाजूंनी घट्ट आधार लागतो. नुसता खड्ड्यात बसवला की एक खचतो, शेजारचा वर राहतो आणि मोपेडचं बारकं चाक नेमकं त्या कडेला धडकतं.

तुम्ही तयार कोल्डमिक्स घ्या. डांबर न तापवता वापरायचं खडीचं मिश्रण, पोत्यात मिळतं. इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१४ साली त्यासाठी वेगळं मानक काढलंय, आयआरसी ११६. दुकानदाराला या मानकाचा माल आहे का विचारा. गांगरला तर दुसरं दुकान बघा.

हिशेब आधी करा, वर्गणी किती उरलीय ते माहीत नाही म्हणून सांगतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन इंच खोल खड्ड्याला दाबून बसवलेला माल चाळीस किलोच्या आसपास लागतो. म्हणजे पंचवीस किलोचं दीड पोतं. पेठेत असे खड्डे किती ते मोजा आणि मग ठरवा. सगळे होणार नाहीत. वळणावरचे, उतारावरचे आणि शाळेच्या वाटेवरचे आधी घ्या.

आता काम. खड्डा गोल असतो, तो छिन्नी-हातोड्यानं चौकोनी करा. कडा उभ्या हव्यात, उतरत्या नकोत. उतरत्या कडेवर माल पातळ पसरतो आणि तिथनंच उखडायला सुरुवात होते. सैल खडी, माती, पाणी सगळं बाहेर. खराट्यानं झाडा, मग जुन्या कापडानं टिपा. धुळीवर डांबर चिकटत नाही, आणि स्वयंसेवकांचे पॅच निघतात ते बहुतेक इथंच. त्यानंतर तळाला आणि कडांना इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, पातळ हात. ते चॉकलेटी रंगाचं असतं, काळं पडलं की माल टाकायचा, त्याआधी नाही. काही तयार मिश्रणांना इमल्शन लागत नाही, पोत्यावर लिहिलेलं वाचा. दोन इंचांपेक्षा खोल असेल तर थरांनी भरा आणि प्रत्येक थर धुम्मसानं ठोका. इथं तालमीच्या पोरांचा उपयोग आहे, जोर-बैठकांचं सार्थक होईल. शेवटचा थर रस्त्यापेक्षा सेंटिमीटरभर वर ठेवा, गाड्या तो दाबतात. वरनं बारीक कच भुरभुरा, म्हणजे टायरला चिकटणार नाही.

हे सगळं केलं आणि पाणी तिथंच राहिलं तर सहा महिन्यांनी पुन्हा मला पत्र लिहाल. डांबराचं वैर पाण्याशी आहे. भेगेतनं पाणी आत जातं, खडीवरचं डांबर सोडवतं, वरनं चाक गेलं की ते पाणी दाबानं उसळतं आणि खडी सुटी होते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शहरात हजारभर. तरी गगनबावड्याच्या बाजूला उतार आणि चर नीट ठेवलेला रस्ता टिकलेला मी बघितलाय आणि शहरात सपाट गल्लीतला पहिल्या वळवात गेलेलाही. तेव्हा फावडं घेण्याआधी एकदा भर पावसात छत्री घेऊन त्या खड्ड्यापाशी उभे राहा. गटार तुंबून पाणी रस्त्यावर येतंय का? चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा उंच बसलंय का? आणि पाऊस नसताना, उन्हाळ्यातही खड्डा ओलाच असेल तर खाली नळाचं कनेक्शन गळतंय. तो खड्डा तुम्ही भरू नका. पाणीपुरवठा विभागाला कळवा, गळती निघाली की मग भरा.

प्रश्न : भाऊ, माझं सरळ विचारणं आहे. घरफाळा भरायचा आम्ही, गाडी घेताना रस्त्याचा कर भरायचा आम्ही, आणि खड्डेही आम्हीच बुजवायचे? आमच्या कॉलनीतला रस्ता नवा करून दोन पावसाळे झाले नाहीत. तो उखडला तो कॉलनीतल्या तरुण मुलांनी हौसेनं भरला. यात ठेकेदार सुटला, असं मला वाटतं.
– निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : बाई, तुमचं वाटणं बरोबर आहे. रस्त्याचं काम देताना निविदेत दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा, त्यासाठी त्याची अनामत अडकवून ठेवलेली असते. मुलांनी खड्डा गुपचूप भरला की पुरावाच बुजला. मुदत संपली की अनामत परत.

म्हणून कॉलनीतल्या मुलांना सांगा, फावड्याआधी कागद. खड्ड्याचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, मागं ओळखीची खूण येईल असा. मग महापालिकेकडं लेखी तक्रार आणि तिच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. त्यात फक्त एवढं मागा : कार्यादेशाची प्रत, काम पूर्ण झाल्याची तारीख, दोषदायित्वाची मुदत आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोजमाप पुस्तिका जरूर मागा. किती जाडीचा थर बसवला त्याची नोंद तिच्यात असते, आणि खड्ड्याची उभी कड मोजली की खरी जाडी तुमच्यासमोरच असते. मी नोकरीत असताना अशी पट्टी घेऊन येणाऱ्या माणसाची आम्हाला जेवढी धास्ती होती तेवढी मोर्चाची नव्हती.

आणखी एक गोष्ट सगळ्या वाचकांनी लक्षात ठेवावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांच्या जुन्या याचिकेत निकाल दिला. खड्ड्यामुळं किंवा उघड्या मॅनहोलमुळं मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, जखमीला दुखापतीनुसार पन्नास हजार ते अडीच लाख. खड्डा कळवल्यावर अठ्ठेचाळीस तासांत त्याकडं लक्ष द्यायचं, आणि भरपाईची रक्कम जबाबदार अधिकारी-ठेकेदाराकडून वसूल करायची असंही त्यात आहे. पण खड्डा कळवला होता हे दाखवायला तुमच्या हातात काही नको का? ती पोच जपून ठेवा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम आपल्या गावातच चालतं, तेव्हा मुंबईची गाडी पकडायचंही कारण उरलेलं नाही.

आणि कोल्हापूरला हे शिकवायला नको. शहरातल्या रस्त्यांच्या पैशासाठी टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील सरांच्या मागं सगळी पेठ न पेठ उतरली आणि टोल घालवूनच घरी गेली. तेवढी चिकाटी एका अर्जाला लावा.

तरीही मुलांना पूर्ण थांबवू नका. मुंबईत २०१५ च्या पावसाळ्यात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल जाऊन प्रकाश बिल्होरे हा तरुण गेला. त्याचे वडील दादाराव भाजीचा व्यवसाय करणारे. त्यांनी नंतर स्वतःच्या हातानं शेकडो खड्डे बुजवले. हैदराबादेत गंगाधर तिलक कटनम हे रेल्वेतले निवृत्त अभियंते आपल्या पेन्शनमधनं वर्षानुवर्षं तेच करत आले. त्यांना कुणी कराचा हिशेब विचारला असेल का, कोण जाणे. जीव घेणारा खड्डा अर्जाच्या तीस दिवसांसाठी थांबत नाही. फोटो काढा, पोच घ्या, आणि वाट बघण्यात कुणी पडेल असं वाटलं तर भरा. भरल्यावरही कळवा : 'तात्पुरता आम्ही भरलाय, कायमची दुरुस्ती तुमची.'

प्रश्न : खड्ड्यात झाड लावून निषेध करावा का? फोटो चांगला येतो.
– महाविद्यालयीन विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : फोटो चांगला येतो, पण रात्री लाईट गेल्यावर ते झाड मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. त्यापेक्षा खड्ड्याभोवती पांढऱ्या रंगाचं जाड कडं काढा. डबाभर रंगात बरेच होतात आणि पाण्यानं भरला तरी खड्डा कुठं आहे ते कळतं.

प्रश्न : साहेब, आम्ही पाच-सहा जण पहाटे काम करत होतो. गस्तीच्या पोलिसांनी हटकलं, परवानगी कुठाय म्हणाले. स्वतःच्या खर्चानं काम करायलाही परवानगी लागते का? आणि हायवेवर, तावडे हॉटेलच्या पुढं भरले तर चालतील का?
– फुलेवाडीतले मित्र

उत्तर : लागते. रस्ता ज्याच्या ताब्यात त्याला कळवल्याशिवाय खणू नये. खाली पाण्याची पाईप असते, वीज असते, फोनची केबल असते. गल्लीच्या कामाला महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला पत्र द्या, एक प्रत वाहतूक शाखेला. पत्रात तारीख, वेळ, जागा आणि एका जबाबदार माणसाचा नंबर. नाही म्हणणारे अधिकारी थोडे असतात. उलट कधी रोलरच पाठवतात.

हायवेला हात लावू नका. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर शंभरच्या वेगानं कंटेनर येतो, त्याला तुमचं घमेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तिथला खड्डा १०३३ या क्रमांकावर कळवायचा.

पहाटेचं काम तर बंदच करा. उजाडल्यावर करा, रविवारी सात ते नऊ. अंगात चमकणारी जाकिटं. वाहनं ज्या बाजूनं येतात तिकडं शक्यतो पन्नास पावलं आधी एक माणूस लाल झेंडा घेऊन, आणि त्यानं दुसरं कुठलंही काम करायचं नाही, मोबाईल तर नाहीच. त्याच्या आणि कामाच्या मध्ये कुणाची तरी चारचाकी पार्किंग लाईट लावून उभी करा. कोन मिळाले नाहीत तर रंगवलेले तेलाचे डबे चालतात. कामाला बसलेल्यांची तोंडं गाड्यांकडं हवीत. दगडाचे ढीग लावून रस्ता अडवू नका. काम संपल्यावर ते दगड तिथंच राहतात आणि रात्री कुणीतरी त्यावर आपटतं.

प्रश्न : आमच्या गल्लीत पोरं सुसाट गाड्या हाणतात. म्हणून आम्ही वर्गणी काढून सिमेंटचा स्पीडब्रेकर घातला. आता गाड्यांचे तळ घासतात म्हणून शेजारच्या गल्लीवाले भांडायला येतात. त्यांचं ऐकावं का?
– कळंब्याकडचे एक रहिवासी

उत्तर : ऐका. मानकाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे चाक हळू चढतं आणि हळू उतरतं. तुम्ही बहुधा विटेएवढ्या उंचीची पाळ घातलीय. त्यावर गर्भारबाईची रिक्षा जाते, कंबर धरलेला म्हातारा जातो. कसबा बावड्यातली ती बातमी आठवत असेल : गेले म्हणून घरी आणत असलेल्या आजोबांची रुग्णवाहिका गतिरोधकावर आदळली आणि ते हलले. ते बरे होऊन घरी चालत आले याचा आनंदच आहे, पण म्हणून प्रत्येक गल्लीत तसला आदळा बांधायला नको.

फोडून टाका. वाहतूक शाखेकडं सह्यांचा अर्ज द्या, जागेची पाहणी होऊन नियमातला गतिरोधक मिळतो, रंगाचे पट्टे आणि फलकासह. तोवर कोपऱ्यावरच्या झाडाच्या ज्या फांद्यांनी वळण झाकलंय त्या छाटायची परवानगी मागा. निम्म्या गल्ल्यांत खरा त्रास तोच असतो. आणि सुसाट जाणारी पोरं गल्लीतलीच असतील, तर त्यांच्या आयांना गाठा.

प्रश्न : अपघात झालेल्याला दवाखान्यात पोचवलं तर पोलीस मागं लागतात का? घरचे म्हणतात, लांबनं जा.
– एक रिक्षावाला, कावळा नाका

उत्तर : नाही लागत. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं पक्की केली आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीला या म्हणून अडवून ठेवता येत नाही. १०८ लावा. मान वाकडी करून माणसाला रिक्षात कोंबू नका, मणक्याला लागलेलं असतं. रक्त वाहत असेल तर कापड दाबून धरा, गाडी येईपर्यंत सोडू नका.

प्रश्न : साहेब, आमच्याकडं खड्ड्यापेक्षा उसाच्या ट्रॉलीचं भ्या आहे. हंगाम सुरू झाला की रात्री अंधारात दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही. गावातल्या पोरांनी रेडियम लावायचं ठरवलंय. कुठं आणि कसं लावावं?
– एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : हे काम मला या गठ्ठ्यात सगळ्यांत आवडलं. रस्त्यावर गाडी अडवून लावू नका, ड्रायव्हर चिडतो आणि तुम्ही धोक्यात. कारखान्याच्या गेटाबाहेर नंबर लागलेला असतो, तिथं ट्रॉल्या तासन्‌तास उभ्या असतात. कारखान्याला आधी सांगितलंत तर बहुतेक ठिकाणी रेडियमचा खर्चही तेच उचलतात.

मागं लाल, बाजूला पिवळं, पुढं पांढरं. रंग बदलू नका, समोरच्याला गाडीचं तोंड कुठलं ते रंगावरनंच कळतं. फळकुटाच्या वरच्या पट्टीला लावलंत तर उसाच्या लोंबत्या वाढ्यांखाली, म्हणजे शेंड्यांच्या पाल्याखाली, सगळं झाकून जातं. खाली चॅसीला, अगदी कोपऱ्यांना लावा, म्हणजे ट्रॉलीची पूर्ण रुंदी दिसते. आधी मळी आणि धूळ खरडून कोरड्या कापडानं पुसा. डिझेलनं पुसू नका, तेलकट राहतं आणि पट्टी रात्रीत गळते. बैलगाडीला मागच्या आडव्या लाकडाला पत्र्याची पट्टी ठोकून तिच्यावर लावा.

आणि लावून झाल्यावर ट्रॅक्टरवाल्याला टेल-लॅम्प पेटवून दाखवायला सांगा. बऱ्याचदा पहिल्या ट्रॉलीपर्यंत वायर आलेली असते, दुसरीला जोडलेलीच नसते. गावातल्या वायरमनला सोबत न्या, अर्ध्या तासाचं काम आहे.