सोलापूर जिल्ह्यातल्या कॉलेजांतले भूगोल-भूशास्त्राचे शिक्षक एकत्र कसे येतील?

संघटना नोंदवू नका. निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी नको. तुम्ही लिहिलंय की आपण सगळे वर्षातून एकदा चर्चासत्राला भेटतो, प्रमाणपत्र घेतो आणि आपापली एसटी पकडतो, तर जिल्ह्याचं एक रीतसर मंडळ काढावं का. असं मंडळ मी जवळून पाहिलंय. अध्यक्ष भूगोलाचा की भूशास्त्राचा, शहरातला की तालुक्यातला, यातच उन्हाळा गेला. घटना लिहून झाली, काम शून्य.

आमचं जे जमलं ते विहिरींमुळे. चार-पाच कॉलेजांतल्या आम्ही ठरवलं की विद्यार्थ्यांना घेऊन आपापल्या भागातल्या विहिरींची पाणीपातळी मेअखेर आणि ऑक्टोबरात मोजायची. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी मोजतेच, पण आपला बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा खडक, असा की दोन बांध ओलांडले की पाण्याचं गणित बदलतं. गावातल्या दहा विहिरी मोजल्या तर त्या गावाला उपयोग.

पहिले आकडे आले आणि भांडणच लागलं. दक्षिण सोलापुरातली दोन गावं, एकाच ओढ्यावरची, आणि पातळीत पुरुषभर फरक. एक सर फोनवर सरळ म्हणाले, "तुमच्या पोरांनी घरी बसून आकडे भरलेत." शेवटी एका रविवारी सगळेच तिथे गेलो. टेप सोडताना कळलं. एक गट कठड्याच्या वरच्या कडेपासून मोजत होता, दुसरा जमिनीपासून. शिवाय एका विहिरीवर शेतीची लाईट रात्रीची असल्यामुळे मोटर पहाटेपर्यंत चाललेली, म्हणजे ती खरी स्थिर पातळी नव्हतीच. तिथेच बाभळीखाली बसून एका कागदावर नियम लिहिले: कठड्यावर ऑइलपेंटने खूण, कठड्याची उंची वेगळ्या रकान्यात, मोटर शेवटची कधी चालली ते शेतकऱ्याला विचारायचं, टेपच्या टोकाला खडू फासायचा म्हणजे ओल कुठपर्यंत आली ते नेमकं दिसतं. तो कागद आमची घटना म्हणा हवं तर.

शेजारी नवी विहीर खणत होते. भूशास्त्राच्या मॅडम शिडीने थोड्या खाली उतरल्या आणि हातोडीने एकेक थर दाखवत गेल्या. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बेसॉल्ट), आणि त्याखाली वीतभर लाल पट्टा. एक लाव्हा थंड होऊन वर माती तयार झाली, पुढच्या लाव्ह्याने ती भाजली, तोच हा पट्टा. चिकणमातीचा असल्यामुळे तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. आमच्यातले काहीजण वर्षानुवर्षं वर्गात दख्खनचं पठार शिकवतात, त्यांनी तो थर पहिल्यांदा हाताने चाचपला. मॅडमना ४७ ओ/१४ च्या टोपोशीटवर, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, ओढ्याचं पाणलोट आखायचं होतं, ते भूगोलाच्या सरांनी बॉनेटवर शीट पसरून करून दिलं. त्या दिवसानंतर "तुमच्याकडे क्लिनोमीटर (उतार मोजायचं साधन) आहे का, दोन दिवस द्या" असे फोन सुरू झाले.

आता तुमच्या प्रश्नातला तो भाग, की काही वरिष्ठ माहिती देत नाहीत. आमच्यातल्या एका वरिष्ठांचं म्हणणं होतं की आधी पेपर लिहू, तोवर आकडे बाहेर जाता कामा नयेत. आणि पहिलं नाव त्यांचं. माझं म्हणणं, आकडे आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत, कारण विहीर त्या लोकांची आहे. ते म्हणाले, पोरांनी मोजलेल्या आकड्यांना कोण विचारतं? अहो, मग त्याच आकड्यांवर पेपर कसा लिहिणार होता? मोजण्याची पद्धत लिहून ठेवली असेल तर बी.ए.च्या मुलीने मोजलेली पातळीही पातळीच असते. ते त्यांच्या कॉलेजची वही घेऊन बाजूला झाले आणि त्यांच्या गावांची नोंद तिथेच तुटली. हे त्यांनी वाचलं तर वाचू दे. ती वही अजूनही सगळ्यांची आहे.

कामाचं निमित्त शोधावं लागणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत, प्रत्येक कॉलेजला विषय हवाच आहे. टोपोशीट आता सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरून मोफत उतरवता येतात, भूवैज्ञानिक नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या पोर्टलवर मिळतात. विद्यापीठाचं भूशास्त्र संकुल सोलापुरातच आहे, तिथे जाऊन बोला. आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आतला. गावात गूढ आवाज झाला की लोक आजही कॉलेजातल्या सरांनाच विचारतात. तेव्हा चार कॉलेजांची चार उत्तरं निघू नयेत, एवढ्यासाठी तरी एकमेकांशी बोलायला हवं.

एक राहिलंच. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडून स्वतःच्या पेट्रोलवर फिरायची अपेक्षा करू नका, कायम पगारवाल्यांनी त्यांना गाडीत घ्यावं. विद्यार्थ्यांना विहिरीत उतरू देऊ नका, काठावरूनच मोजायचं. आणि प्राचार्यांचं पत्र आधी खिशात ठेवा, नाहीतर पाटबंधारेवाले आलेत समजून शेतकरी बांधावरूनच परत पाठवतात.