बाबागाडीत बाळाला ऊन लागू नये म्हणून वरून ओढणी टाकली तर चालेल का?

नका टाकू. ओढणी कितीही पातळ असली तरी आत हवा खेळत नाही आणि गाडी भट्टीसारखी तापते. वर बाळ दिसतही नाही. मी एकदा दहाच मिनिटं टाकली होती. काढून बघते तर लेकीची मान घामाने चिंब, गाल लालबुंद. त्यापेक्षा गाडीचं छत पुढे ओढा, सावलीतून चाला, आणि दुपारी सरळ घरीच थांबा.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर पाठ पूर्ण आडवी होणारीच गाडी हवी. बसतं ठेवलं की मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. पट्टे पाचही लावायचे, खांद्यावरचे आणि पायांमधलाही; नुसता कमरेचा लावला तर बाळ खाली सरकतं.

आणि हो, भाजीची पिशवी दांड्याला अडकवायची सवय सोडा (मलाही होती!). बाळाला उचललं की गाडी मागे कलंडते. थांबलात की ब्रेक. सरकत्या जिन्यावर गाडी अजिबात नाही, लिफ्टच.